रापणीचा दोर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडली आणि मी तिथे होते. ऐकीव काही नाही.

भुतं रात्रीच दिसतात असं लोक म्हणतात. हे भर दुपारी घडलं. तीन वाजता. डोक्यावर ऊन होतं.

तारीख १४ एप्रिल २००६. गुड फ्रायडे.

जागा आमच्या त्रिनिदादच्या पूर्व किनाऱ्यावरची. मायारोच्या पुढे एक छोटं गाव आहे, तिथली. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि ह्या विषयावर बोललेलं त्यांना आवडत नाही.

मी सामदई. सगळे मला सॅम म्हणतात. माझा नवरा सहदेव. आम्ही पश्चिमेकडच्या कूवा गावचे. त्याने सगळं आयुष्य साखर कारखान्यात काढलं. तरुणपणी उसाची अख्खी मोळी एकटा खांद्यावर टाकायचा. असा गडी. पण आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला.

हात होता, पण नुसता लोंबायचा. मूठ वळायची नाही. शर्टाची बटणं मी लावायची, भात मी कालवून द्यायची. तो काही बोलायचा नाही, फक्त भिंतीकडे बघायचा.

डॉक्टर म्हणाले, "ह्यांना जरा समुद्रावर न्या. चार दिवस शांत राहू द्या."

म्हणून आमच्या मुलीने, नलिनीने, ईस्टरच्या सुट्टीसाठी तिथलं एक घर भाड्याने घेतलं. गुरुवारी सकाळी आम्हाला गाडीने सोडलं आणि म्हणाली, "सोमवारी न्यायला येते. मजा करा दोघं. भांडू नका."

घर छान होतं. लाकडी, समुद्राकडे पडवी, पडवीत जाळीचा झोपाळा. समोर माडांची रांग आणि माडांच्या पलीकडे वाळू, मैलभर लांब. घराची किल्ली शेजारच्या मिस युडोराकडे असायची. पन्नाशीची, धिप्पाड, हसरी बाई. आल्याआल्या तिने आमच्या हातात गरम पाव आणि कैरीचं लोणचं ठेवलं.

"इथे काही करायचं नाही," ती म्हणाली. "खायचं, झोपायचं, परत खायचं. मिस्टर सहदेव, तुमची बायको तुम्हाला काम सांगायला लागली तर मला हाक मारा."

सहदेव हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्याच दुपारी कोळ्यांनी रापण लावली होती. होडी जाळं घेऊन लांब वळसा घालून येते, मग जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. आमच्याकडे रीत अशी की कुणीही दोराला हात लावावा. ओढलंस तर मासे घेऊन जा. लहान पोरं, सुट्टीला आलेले शहरी लोक, सगळे लागतात.

सहदेवही गेला. डाव्या हाताने दोर धरायला बघू लागला.

एक कोळी ओरडला, "अहो अंकल, तुम्ही सावलीत बसा! एका हाताने रापण नाही, पतंग उडवतात!"

सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले, कोळी तसेच बोलतात. शेवटी त्यांनी आम्हाला दोन मोठे कॅराइटही दिले. पण सहदेवने ते मासे खाल्ले नाहीत.

त्या रात्री तो परत भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसरा दिवस शुक्रवार.

गुड फ्रायडेला आमच्याकडे समुद्रात कुणी उतरत नाही. उतरलं तर माणसाचा मासा होतो म्हणतात. आम्ही हिंदू, पण हे आम्हीही पाळतो. गाव सकाळपासून बंद होतं. चर्चची घंटासुद्धा त्या दिवशी वाजत नाही.

जेवण झालं. मी आत जरा आडवी झाले. सहदेव झोपाळ्यात होता. त्याच्या झोपाळ्याची कर्रकर्र ऐकत ऐकत माझा डोळा लागला.

जाग आली ती शांततेने.

तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते? आवाजाने नाही... शांततेने.

झोपाळ्याची कर्रकर्र नव्हती. माडांची सळसळ नव्हती. आणि समुद्राचा आवाज...

समुद्राचाही आवाज नव्हता.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी बाहेर आले. झोपाळा रिकामा होता. समुद्रावर पांढरं धुरकट काहीतरी उतरलं होतं, वीस पावलांपुढचं दिसत नव्हतं. लाटा दिसत होत्या. येत होत्या, फुटत होत्या... पण मुक्या.

"सहदेव!"

माझाच आवाज मला कापसातून आल्यासारखा वाटला.

मी वाळूवर इकडून तिकडे पळाले. किती वेळ, सांगता येत नाही. मग एकदम, कुणीतरी रेडिओ सुरू करावा तसा समुद्राचा आवाज परत आला. आणि धुरकटातून सहदेव चालत आला.

कमरेपर्यंत भिजलेला. अंगभर वाळू. आणि तोंडभर हसू.

"सॅम," तो म्हणाला, "मी ओढलं."

"काय ओढलंस? कुठे होतास तू? जीव गेला माझा इथे!"

त्याने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती. लाल, ओली, दोराचे वळ उठलेले.

उजव्या तळव्याचीही.

त्याने माझ्या डोळ्यांसमोर उजवी मूठ वळली. उघडली. परत वळली.

मी वाळूतच बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, तेव्हा भीती वगैरे काही वाटली नाही. देवाचे आभार मानले. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने भात खाल्ला, आणि मी ताटाकडे न बघता त्याच्या बोटांकडेच बघत बसले.

अंधार पडायच्या आधी मिस युडोरा क्रॉसची खूण असलेले गोड पाव घेऊन आली. मी आनंदाने सांगून टाकलं, "ह्यांनी आज रापण ओढली! हात बघ ह्यांचा!"

तिचं हसू हळूहळू गेलं.

"आज?" ती म्हणाली. "आज कोण रापण लावतं? पस्तीस वर्षांत ह्या किनाऱ्यावर गुड फ्रायडेला कुणी जाळं भिजवलेलं नाही. मिस्टर सहदेव, कोण होतं दोरावर?"

"कुणीच नव्हतं," सहदेव म्हणाला.

युडोरा पावाचं ताट धरून उभीच राहिली. तो सांगत गेला.

"दोर वाळूत पडला होता. एकटा. पाण्यातून वर आलेला. आणि आत, धुक्यात, माणसं ओरडत होती. ओढा, ओढा म्हणून. मला राग आला गं. जाळं पाण्यात, माणसं पाण्यात, आणि दोर असा टाकून सगळे गेले? असं टाकून जातात का? मग मी धरला. दोन्ही हातांनी धरला. हात कसा चालला, विचारू नकोस. थोडंच आलं. फार जड आहे. शेवटी मी माडाला बांधून आलो. उद्या परत ओढतो."

युडोराने पावाचं ताट खाली ठेवलं आणि निघून गेली.

मी त्या माडापाशी गेले. सहदेवने दाखवला होता तोच माड. दोर नव्हता. काहीच नव्हतं. पण खोडाभोवती, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक ओला पट्टा होता. हाताच्या बोटाएवढा जाड. बाकी खोड कोरडं ठणठणीत...

आणि त्या पट्ट्यातून पाणी ठिबकत होतं.

मी बोट लावून चाटलं. खारट.

शनिवारी सकाळी युडोरा एका म्हाताऱ्याला घेऊन आली. तिचा मामा, मिस्टर थिओ. जुना कोळी. वाळलेला, उंच, डोळ्यांत मोतीबिंदू. तो फाटकाच्या आत आला नाही. बाहेरूनच त्याने सहदेवला विचारलं, "दोर कसला होता?"

"जाड. काळा पडलेला. जुन्या पद्धतीचा."

"खूण होती काही?"

"होती. निळ्या चिंधीची गाठ मारलेली."

म्हाताऱ्याने फाटक दोन्ही हातांनी धरलं.

मग तो माझ्याकडे वळला. "बाई, ह्याला आजच्या आज इथून घेऊन जा."

"पण काय आहे काय? कुणी मला सांगेल का?"

"आधी घेऊन जा. तीनच्या आत."

मी नलिनीला फोन केला. ती घाबरली, म्हणाली लगेच निघते, पण सुट्टीची गर्दी, रस्ता अरुंद, पाच तरी वाजतील. तीनच्या आत निघायला दुसरी गाडी मिळेना. शनिवारी त्या गावात कोण कुठे जातंय?

मग मी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

जेवण झाल्यावर मी दार लावलं, खिडक्या लावल्या आणि त्याच्या शेजारी पलंगावर बसले. त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो शांत होता. नेहमीपेक्षा जास्तच शांत.

"सॅम," तो म्हणाला, "तुला ऐकू येत नाही?"

"नाही. आणि तूही ऐकू नकोस."

"एक जण अगदी पोरसवदा आहे. रडतोय."

"सहदेव, गप्प बस. हनुमानाचं नाव घे."

त्याने नाव घेतलं. मीही घेत होते. मोठ्याने, डोळे मिटून. चालीसा पूर्ण झाली. दुसऱ्यांदा सुरू केली. मध्येच जाणवलं की माझा आवाज एकटाच आहे.

आणि पुन्हा ती... शांतता.

मी डोळे उघडले.

माझे दोन्ही हात घट्ट वळलेले होते. आत त्याचा हात नव्हता. दार सताड उघडं.

मी अनवाणी धावले. बाहेर तेच धुरकट पांढरं. मुक्या लाटा. ह्या वेळी मला तो लगेच दिसला.

सहदेव वाळूत टाचा रोवून, पाठीवर रेलून, दोन्ही हातांनी ओढत होता. एक पाऊल मागे. दुसरं पाऊल मागे. मानेच्या शिरा फुगलेल्या, दात आवळलेले.

त्याच्या हातांत काहीच नव्हतं.

मुठीतून मुठीकडे नुसती हवा.

पण माणूस हवेवर तसा रेलू शकत नाही हो. मी सांगते तुम्हाला, तो ज्या कोनात मागे झुकला होता, त्या कोनात कुणीही धाडकन पडेल. तो पडत नव्हता. त्याला काहीतरी पलीकडून ताणून धरत होतं.

"सॅम! आलीस? धर! थोडंच राहिलंय!"

"सोड ते! सहदेव, सोड!"

"सोडू? वेडी आहेस का? माणसं आहेत तिकडे!"

मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. आणि तेव्हा मला कळलं.

ओढ होती. खरी. माझ्या हातांना, दंडांना, पाठीच्या कण्याला ती ओढ लागत होती. बैलाने कासरा ओढावा तशी. आधी सहदेव मागे येत होता. मग तो थांबला. आणि मग... आम्ही दोघं पुढे सरकायला लागलो.

पाण्याकडे.

माझ्या टाचांनी वाळूत चर पडत होते. पाणी पावलांना लागलं. घोट्यांना लागलं. गुडघ्यांना लागलं. मी ओरडत होते आणि माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. सहदेव सोडत नव्हता. नंतर मी त्याला विचारलं, सोडता येत नव्हतं का? तो म्हणाला, "येत होतं. सोडायचंच नव्हतं."

पाणी मांड्यांपर्यंत आलं, तेव्हा बाजूने कुणीतरी पाण्यात शिरलं.

मिस्टर थिओ. हातात नारळ सोलायचा लांब कोयता.

तो आमच्या पुढे जाऊन उभा राहिला. समुद्राकडे पाठ, आमच्याकडे तोंड. त्याने कोयता डोक्यावर उचलला आणि सहदेवच्या मुठींपुढे वीतभर अंतरावर, रिकाम्या हवेत, घातला.

फट्ट.

ओला ताणलेला दोर तुटल्याचा आवाज. मी उसाच्या मोळ्यांमध्ये वाढलेली बाई आहे, ताणलेला दोर तुटताना कसा वाजतो ते मला माहीत आहे.

आम्ही दोघं उताणे पडलो. नाकातोंडात पाणी गेलं. उठून बघते तर समुद्र गर्जत होता, ऊन पडलं होतं आणि वाळूत एक बारीक चर सरसर करत पाण्याकडे पळत होता. साप जावा तसा. लाट आली आणि चर पुसला गेला.

थिओ वाळूवर येऊन बसला. कोयता मांडीवर. मग त्याने सांगितलं. आमच्याकडे न बघता.

एकाहत्तर साली गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांनी रापण लावली होती. लोक नको म्हणाले होते, पण मासळी दिसत होती. होडीत तिघे होते. त्या निळ्या चिंधीच्या दोरावर सहा. जोराची लाट आली, होडी उलटली आणि तिघेही आपल्याच जाळ्यात अडकले.

"आम्ही ओढत होतो," थिओ म्हणाला. "पण जाळं भरलेलं, त्यात होडी, त्यात ओहोटी लागलेली. दोरच आम्हाला आत न्यायला लागला. पाणी छातीला आलं. मी सगळ्यांत पुढे होतो. मी म्हणालो, सोडा. नाहीतर आपणही जाऊ. आणि आम्ही सोडला."

थोड्या वेळाने म्हणाला, "होडीत माझा धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा."

मला वाटलं सहदेव त्याचे पाय धरेल. जीव वाचवला होता त्याने. पण सहदेव उठला, त्याच्यासमोर गेला आणि म्हणाला,

"जवळ आले होते ते. आज आले असते बाहेर. तू परत सोडलंस."

म्हातारा कोयता उचलून माडांकडे चालायला लागला.

पाच वाजता नलिनी आली. आम्ही सामान कसंबसं गाडीत कोंबलं आणि निघालो. युडोरा रस्त्यापर्यंत आली होती. थिओ आला नाही.

सहदेवचा उजवा हात आजही चालतो. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी, मेंदू नवी वाट शोधतो. असेल. तो पूर्वीसारखा बोलतो, हसतो, माझ्याशी भांडतो. फक्त समुद्राकडे जाणारा रस्ता आला की मान फिरवतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग म्हाताऱ्याचा आवाज.

"बाई, मी थिओ. तुमच्या नवऱ्याला द्या."

मी फोन सहदेवला दिला आणि कान लावून उभी राहिले. थिओने कसे आहात, काय चाललंय, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं...

"किती जवळ आले होते?"

सहदेवने डोळे मिटले.

"कमरेइतक्या पाण्यात," तो म्हणाला. "पोरगा पुढे होता."

मग फोन ठेवल्याचा आवाज.

त्यानंतर युडोराचा ख्रिसमसला फोन आला, तेव्हा मी मामाची चौकशी केली. ती म्हणाली, बरा आहे, बसून असतो. आणि विषय बदलला.

सहदेव अजून मला म्हणतो, मी थिओला खरं सांगायला नको होतं का? मी त्याला म्हणते, झालं गेलं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सहदेवला नाही, नलिनीला नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या शनिवारी पाण्यात, सगळं मुकं असताना, मलाही एक आवाज ऐकू आला. एकच. थिओच्या पाठीमागून, अगदी जवळून. कोवळा, रडवेला, पाणी प्यायलेला.

"थिओ!"

म्हाताऱ्याने ऐकलं. मी त्याच्यासमोर होते, मी त्याचा चेहरा पाहिला. त्याने ऐकलं. कोयता अजून त्याच्या डोक्यावर होता. तो क्षणभर तिथेच थांबला.

तो माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणून मान हलवली.

आणि मग त्याने कोयता खाली आणला.